नेत्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवायचं कुणी?

तुमच्याही फोनवर अशी एखादी क्लिप येऊन गेली असेल. एक वयस्कर नेता भाषण करता करता अडखळतो, शेजारी बसलेल्याचं नाव विसरतो, किंवा तेच वाक्य दोनदा बोलतो. दहा सेकंदांचा व्हिडिओ. खाली कुणीतरी लिहितं, 'म्हातारचळ लागला'. दुसरा लिहितो, 'अल्झायमर आहे, नक्की'. आमच्या तलासरी-डहाणूकडच्या ग्रुपांवर हे मराठीत चालतं, गुजरातीत चालतं, वारलीतही चालतं. नेता विरोधी पक्षाचा असला की निदान आणखी लवकर होतं.

माझं पीएचडीचं काम स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या चाचण्यांवर आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांना या चाचण्या कितपत लागू पडतात, हा माझा मुख्य प्रश्न. म्हणून या क्लिपांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. या माणसाला आजार आहे का? आणि हा माणूस पदाचं काम करू शकतो का? पहिला प्रश्न डॉक्टरांचा. दुसरा एकट्या डॉक्टरांचा नाही.

आधी चाचणीबद्दल. जानेवारी २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना एका चाचणीत ३० पैकी ३० गुण मिळाल्याचं त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं आणि ती जगभर गाजली. तिचं नाव 'मोका', कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेली. साधारण दहा मिनिटं लागतात. घड्याळ काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवा, घनाची आकृती बघून काढा, प्राण्यांची नावं सांगा, १०० मधून ७-७ वजा करत जा, पाच शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने परत सांगा. समर्थक म्हणाले, बघा, साहेब किती हुशार! विरोधक म्हणाले, हे तर पोरंही करतील. दोघांचंही चुकलं. ही चाचणी म्हणजे चाळण आहे. कुणाची सविस्तर तपासणी करायला हवी, एवढंच ती सांगते. पूर्ण गुण मिळाले म्हणून निर्णय शहाणपणाचे होतील असं नाही, आणि कमी मिळाले म्हणून आजार सिद्ध होत नाही.

हे दुसरं वाक्य आमच्या भागात फार महत्त्वाचं आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात, सरपंचपद इथे आदिवासींसाठी राखीव असतं. आता समजा, शाळेत न गेलेल्या एखाद्या अनुभवी बाईला तुम्ही कागद-पेन्सिल देऊन घन काढायला सांगितला. तो घन म्हणजे शाळेतल्या वहीतलं चित्र. कागद सपाट असूनही खोली दिसते आहे असं मानायची सवय शाळा लावते. हीच बाई लग्नाचा चौक भिंतीवर न चुकता लिहील (आमच्याकडे वारली चित्र 'लिहितात'), घोलवडच्या चिकूच्या पेट्यांचा हिशोब तोंडी करील, ग्रामसभेत कोण कधी काय बोललं ते सगळं सांगेल. पण घन चुकला की गुण गेला. 'मोका'मध्ये १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून देतात. एक! हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये काम करणाऱ्या संशोधकांना ही अडचण १९९० च्या दशकातच जाणवली होती, आणि त्यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतली.

मग डॉक्टर बघतात तरी काय? मुख्य म्हणजे बदल. हा माणूस दोन वर्षांपूर्वी कसा होता आणि आज कसा आहे. पैशांचे व्यवहार जमतात का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतो का, घरची माणसं काय सांगतात. शिवाय ऐकू कमी येणं, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, एखादं औषध, रक्तातलं सोडियम उतरणं, साधा मूत्रमार्गाचा संसर्ग, यांतल्या कशानेही वयस्कर माणूस गोंधळलेला दिसू शकतो. यातली बरीचशी कारणं उपचारांनी दूर होतात. यातलं काहीही दहा सेकंदांत दिसत नाही.

दुरून निदान करण्याचा मोह तज्ज्ञांनाही होतो. १९६४ मध्ये 'फॅक्ट' या अमेरिकन मासिकाने बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का, असं १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना पत्राने विचारलं. २,४१७ जणांनी उत्तर दिलं, त्यातले १,१८९ 'नाहीत' म्हणाले. गोल्डवॉटर त्यांच्यापैकी कुणाचेही रुग्ण म्हणून तपासलेले नव्हते. त्यांनी मासिकावर दावा लावून तो जिंकला. १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला: स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय कुणाबद्दल असं मत द्यायचं नाही.

आपल्याकडची गोष्ट याच्या ८० वर्षं आधीची आहे, आणि जास्त वाईट आहे. कोल्हापूरच्या गादीवर १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा लहान मूल होते. वयात येता येता त्यांच्या डोक्यावर परिणाम झाल्याची चर्चा सुरू झाली. सरकारचं म्हणणं, राजाला वेड लागलंय. 'केसरी' आणि 'मराठा'चं म्हणणं, राजाला छळून वेडा ठरवलं जातंय, आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत. पुरावा म्हणून बर्व्यांची म्हणवली गेलेली पत्रं पुढे आली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रं बनावट निघाली, टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस आपण शाळेत वाचतो.

आपली गोष्ट तिथेच संपते, हेच मला खटकतं. ज्याच्या डोक्यावरून एवढं रण माजलं, तो मुलगा बाजूलाच राहतो. १८८२ मध्येच कागलच्या जयसिंगराव घाटग्यांना रीजंट नेमून राज्यकारभार महाराजांच्या हातून काढला गेला. त्यांना अहमदनगरला नेऊन ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ ला, पहारा करणाऱ्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय २०. पुढे गादीवर दत्तक गेले ते जयसिंगरावांचे चिरंजीव, म्हणजे आपले शाहू महाराज. एवढ्यावरून कट सिद्ध होत नाही, तसं सुचवायचंही नाही. आणि चौथ्या शिवाजींना काय आजार होता हे आज मी सांगायला गेले, तर मीही क्लिप बघून निदान करणाऱ्यांत जाऊन बसेन.

पण रचना बघा. वेडा ठरवणारं सरकार, राज्य हातात घेणारं सरकार, आणि पहाराही सरकारचाच. समजा आजार खरा होता. मग उपचार हवे होते, शिपायाची झटापट कशाला? समजा छळ खरा होता. मग बनावट पत्रांनी नुकसान त्यांचंच केलं. पत्रं कोसळली तसा मूळ प्रश्नही कोसळला.

आजचा कायदा यापेक्षा पुष्कळ शहाणा आहे. राज्यघटनेच्या कलम १०२ आणि १९१ प्रमाणे खासदार-आमदार मनोविकल म्हणून अपात्र ठरायला सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर स्पष्टच सांगतो की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस मनोविकल ठरत नाही. नैराश्याची गोळी घेणारी सरपंच सरपंचच राहते.

कायद्याला न पकडता येणारा भाग उरतोच. जॉर्ज फर्नांडिस आठवा, १९७४ च्या रेल्वे संपाचे नेते. २००९ मध्ये त्यांच्या पक्षाने प्रकृतीचं कारण देऊन लोकसभेचं तिकीट नाकारलं, ते अपक्ष लढले आणि हरले. त्याच वर्षी त्याच पक्षाच्या पाठिंब्याने ते राज्यसभेवर गेले. पुढच्याच वर्षी, अल्झायमर झालेल्या जॉर्जना सांभाळायचं कुणी, यावरून घरातला वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. लोकसभेला नसलेली प्रकृती राज्यसभेला कशी चालली, हे आपण विचारू शकतो. त्याला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. तसंच गावातही विचारता येतं: बैठका कोण घेतं, सह्या कोण करतं, प्रश्नाला उत्तर मिळतं का.

आणि क्लिप बघताना घरातली आजी आठवली असेल, गेल्या सहा महिन्यांत ती बदलली आहे असं वाटत असेल, तर 'वयच झालं' म्हणून सोडू नका. तलासरीचं ग्रामीण रुग्णालय किंवा डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. कान तपासून घ्या, थायरॉईड आणि बी-१२ चं विचारा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि आजी शाळेत गेलेली नसेल, तर घड्याळाचा कागद पुढे येण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा.