जुने क्लॅरोनेट कसे पारखावे?

वरात निघाली की बँडमधल्या क्लॅरोनेटचा सूर लांबून ऐकू येतो. हे वाद्य मूळचे आपल्याकडचे नव्हे. जर्मनीत न्यूरेंबर्ग शहरी डेनर नावाच्या कारागिराने ते १७०० च्या सुमारास तयार केले, असे मानतात. इंग्रजांच्या पलटणींच्या बँडबरोबर ते इकडे आले आणि आपल्या बँडवाल्यांनी ते आपलेसे केले.

बँडवाल्याच्या घरी वडिलांचे, आजोबांचे क्लॅरोनेट डब्यात पडून असते. पारख नसली तर चांगले वाद्य मोडीत जाते. नाहीतर बिनकामाच्या वाद्यापायी गाठचे पैसे जातात. म्हणून चार गोष्टी कशा पाहायच्या, ते आम्ही सांगतो.

पहिली गोष्ट शिक्क्याची. वाद्याच्या अंगावर कारखान्याचे नाव कोरलेले असते. ते पुसट झाले असेल तर त्यावर खडू हलकेच घासावा आणि कापडाने पुसावे. अक्षरे पांढरी उठतात. शिक्का कधीही घासून काढू नये. लंडनमध्ये 'बूझी' आणि 'हॉक्स' अशी दोन वेगळी घरे होती. १९३० साली ती एक झाली. तेव्हा शिक्क्यात दोन्ही नावे जोडून असतील, तर वाद्य १९३० च्या आधीचे नाही. याच कारखान्याचा 'रीजंट' हा नमुना शिकणाऱ्यांसाठी होता. 'इंपीरियल' हा भारी नमुना, पोटासाठी वाजवणाऱ्यांचा.

दुसरी गोष्ट नंबराची. वरच्या आणि खालच्या तुकड्यावर नंबर असतो. दोन्हीकडे नंबर सारखाच आहे का, ते पाहावे. नसेल तर बहुधा दोन वाद्यांचे तुकडे जोडलेले आहेत. कारखान्याची यादी मिळाली, तर नंबरावरून साल कळते.

तिसरी गोष्ट चाव्यांची. जुन्या साध्या घडणीत बहुधा १३ चाव्या असतात. नव्या घडणीत १७ चाव्या आणि ६ कड्या असतात. ही नवी घडण पॅरिसमध्ये १८३९ साली लोकांपुढे आली. पण साधी घडणही पुढे शंभर वर्षे चालू राहिली. म्हणून चाव्यांवरून घडण कळते, वय कळत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अंगावर इंग्रजीत 'एच. पी.' किंवा 'एल. पी.' अशी अक्षरे आहेत का, ते शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे. एच. पी. म्हणजे चढा सूर. पूर्वी इंग्रजी पलटणींचे बँड याच सुरात वाजत. एल. पी. म्हणजे उतरता सूर. आजची वाद्ये याच्या जवळपास वाजतात. चढ्या सुराचे वाद्य बाजाच्या पेटीबरोबर जुळत नाही. त्याचा स्वर दोन लगतच्या पट्ट्यांच्या साधारण मधोमध पडतो. तुकडे थोडे ओढून सूर उतरतो खरा, पण मग बाकीचे स्वर आपसांत बिघडतात.

अक्षरे नसली तरी अडत नाही. वाद्य विकत घेण्याआधी बाजाच्या पेटीशेजारी बसून वाजवून पाहावे. लाकूड कितीही चकचकीत असो, सूर जुळला नाही तर बँडसाठी ते वाद्य घेऊ नये. आणि घरचे जुने वाद्य विकायचे झाले, तर आधी शिक्का वाचावा, मग भाव बोलावा.