सहकार, बांडगूळ आणि जागल्या

आंब्याच्या फांदीवर वाढलेले बांडगूळ दुरून झाडाचाच भाग वाटते. त्याची पाने हिरवी असतात आणि आपले अन्न ते बरेचसे आपणच तयार करते. फक्त त्याची मुळे मातीत नसतात. ती फांदीत शिरलेली असतात आणि झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार परस्पर उचलतात. फुलटोच्या त्याची फळे खातो, चिकट बी दुसऱ्या फांदीला लागते आणि तिथे नवे बांडगूळ उगवते.

या नात्याला जीवशास्त्रात परजीविता म्हणतात. त्यात एकाचा लाभ होतो आणि दुसऱ्याची झीज. दोघांचाही लाभ होत असेल तर तो सहकार. ही नाती परस्परांच्या विरुद्ध असली तरी आढळतात ती जोडीने. अनेकांनी मिळून काही कमावले की कष्ट न करता त्या कमाईवर जगणारा कुणीतरी निघतोच. त्यामुळे दीर्घकाळ टिकलेल्या सहकारात पहाऱ्याची काही ना काही सोय असते. पिकाच्या मुळाशी, नदीच्या पाटावर आणि संगणकात ती कशी असते, हे तीन उदाहरणांतून दिसते.

फुलोऱ्यातले सोयाबीनचे एखादे झाड अलगद उपटले, तर मुळांवर बारीक गोल गाठी दिसतात. गाठ नखाने फोडून आत गुलाबी रंग दिसला तर ती कामावर आहे असे समजावे; हिरवट किंवा करडी निघाली तर तिचे काम थांबले आहे. या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. बीजप्रक्रिया करताना शेतकरी त्यांचेच संवर्धक गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात. हे जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे हे भावंड गाठीतल्या प्राणवायूचे प्रमाण सांभाळते.

नत्र बांधायला जिवाणूची बरीच ऊर्जा खर्च होते. हा खर्च टाळून नुसती साखर खाणारा जिवाणू जास्त वेगाने वाढायला हवा आणि कामसू जिवाणू मागे पडायला हवेत. तसे का होत नाही, याचे उत्तर टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एका प्रयोगातून दिले. त्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवतीचा नत्र जवळजवळ पूर्ण काढून त्याच्या जागी आर्गॉन वायू भरला. जिवाणू धडधाकट होते, पण त्यांना काम करणे अशक्य झाले. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ साधारण निम्म्यावर आली. जिवाणू कोणत्या कुळातला, हे झाडाने तपासले नाही; त्याच्याकडून काय मिळते तेवढे पाहिले. शिक्षाही त्या गाठींपुरतीच राहिली.

माणसांच्या सहकारात असाच पहारा फड पद्धतीत दिसतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी शेतात नेण्याची ही जुनी रीत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते. पाण्याचे दार शेतकऱ्याने स्वतः उघडायचे नसते. पाटकरी फडातल्या सगळ्या शेतांना क्रमाने पाणी देतो. त्याच्यावर देखरेखीला हवालदार आणि पिकाच्या राखणीला जागल्या. पीक एकच असल्याने कुणाला किती पाणी लागते हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे चोरी लपत नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड सरसकट पडीक ठेवतात. एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने तुटीचा भार सगळ्यांवर वाटला जातो.

अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या अशा सामाईक व्यवस्थांचा अभ्यास १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी समान आढळल्या. राखण करणारे लोक लाभधारकांपैकीच असतात किंवा त्यांना बांधील असतात. पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असते आणि चूक पुन्हा घडली की ती वाढत जाते.

परजीविता यायला वाईट हेतू लागतोच असे नाही. जीवशास्त्रज्ञ टॉम रे यांनी १९९० मध्ये संगणकात ‘टिएरा’ नावाचे कृत्रिम जग उभारले. स्वतःची नक्कल करणारी, ८० सूचनांची एक आज्ञावली त्यांनी त्यात सोडली. नकला करताना होणाऱ्या चुकांतून काही काळाने ४५ सूचनांची आज्ञावली निपजली. नक्कल करण्याचे यंत्र तिच्याकडे नव्हते. शेजारणीचे यंत्र वापरून ती वाढू लागली. पुढे तिला दाद न देणाऱ्या आज्ञावल्याही तिथे निर्माण झाल्या.

प्रत्यक्षातल्या संगणकविश्वात मात्र हेतू असतो आणि वेषांतरही. ‘एक्सझेड युटिल्स’ ही माहिती आकसून साठवणारी मुक्त आज्ञावली असंख्य लिनक्स संगणकांत असते. तिची देखभाल मुख्यतः एक स्वयंसेवक करत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षे तिला उपयुक्त सुधारणा पुरवल्या. दरम्यान काही अनोळखी खात्यांवरून काम संथ चालल्याच्या तक्रारी येत राहिल्या. थकलेल्या स्वयंसेवकाने अखेर या मदतनिसाला अधिकार दिले. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्याने छुपे दार बसवले. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे अंडे खपते, तसे ते खपले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले. त्याचा माग काढत त्यांनी २९ मार्च २०२४ ला प्रकरण उघड केले. तोवर हे दार प्रामुख्याने चाचणीसाठीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचले होते.

पहारा फुकट मिळत नाही आणि तो अति झाला तरी घातक ठरतो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती शरीराच्याच सांध्यांवर उलटते. प्रत्येक नव्या माणसावर संशय घेणाऱ्या संस्थेत कुणी मदतीला येत नाही. ओळखपाळख पाहण्यापेक्षा काम पाहणे आणि ते जागेवरच पाहणे स्वस्त पडते. सोयाबीन तेच करते आणि फडाचा पाटकरीही.

फडावर पाटकरी आणि जागल्या यांचा खर्च पाणी घेणारे शेतकरी उचलत. एक्सझेड वापरणाऱ्यांत जगातल्या बलाढ्य कंपन्या होत्या, तरी तिची राखण एका बिनपगारी माणसाच्या फावल्या वेळावर सोडलेली होती. शिरकाव तिथूनच झाला.