पोर्टवर लिहिणं म्हणजे मेमरीत लिहिणं नव्हे

पीएचडीला प्रवेश घेतलात की प्रयोगशाळेत कुठेतरी एक जुना संगणक भेटतोच. त्याला मागे २५ पिनांचा पॅरलल पोर्ट असतो, आणि त्यावर चालणारा सी भाषेतला एक प्रोग्राम कोणीतरी लिहून गेलेलं असतं. मेंदूच्या विद्युतलहरी मोजणाऱ्या प्रयोगांत हा पोर्ट आजही दिसतो. पडद्यावर चित्र कधी आलं याची खूण मोजमापाच्या नोंदीत टाकायला तो वापरतात. ही खूण चुकली तर सगळा डेटा वाया जातो, म्हणून हा विषय नीट समजून घ्या.

आमच्या येवल्यात पैठणीचा काठ विणायला काही मागांवर जकार्ड बसवलेलं असतं. पुठ्ठ्याच्या कार्डात एखाद्या जागी भोक असेल, तर त्या जागेचा हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले उभे धागे वर येतात. भोक नसेल तर धागे खालीच राहतात. म्हणजे भोकाला स्वतःचा अर्थ नाही, ते कोणत्या धाग्याला जोडलंय त्यावर सगळं ठरतं.

पोर्टचंही तेच. पहिल्या पॅरलल पोर्टचा पत्ता बहुधा ३७८ हेक्स असतो. तिथे ५ लिहिलं की पिन २ आणि पिन ४ वर व्होल्टेज चढतं, बाकीच्या डेटा पिना शून्यावर. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरमध्ये असे ६५,५३६ पत्ते असतात आणि ते मेमरीपासून अगदी वेगळे. मेमरीतला ३७८ आणि पोर्ट ३७८ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून त्यांच्यासाठी ‘इन’ आणि ‘आउट’ या स्वतंत्र सूचना आहेत. (एआरएममध्ये अशी वेगळी सोय नाही. तिथे हार्डवेअर मेमरीच्या पत्त्यांवरच बसवतात, आणि ‘व्होलटाइल’ लिहिलं नाही तर कंपायलर तुमचं एखादं लेखन बिनदिक्कत गाळतो.)

आता खुणेकडे येऊ. पोर्टवर १ लिहायचा आणि लगेच ० लिहायचा, झाली खूण, असं वाटतं ना? पण या दोन सूचनांमध्ये साधारण एक मायक्रोसेकंद जातो. तुमचं यंत्र सेकंदाला १००० नमुने घेत असेल, तर दोन नमुन्यांत एक मिलिसेकंदाचं अंतर आहे. खूण मधल्या मध्ये निसटणार! विणकर धोटा पलीकडे जाईपर्यंत पावडी दाबून धरतो, तसं मूल्य काही मिलिसेकंद धरून ठेवा आणि मग शून्य करा. लिनक्स ही वेळ अचूक पाळेलच असं नाही, म्हणून घटनेची वेळ खूण सुरू होते तिथली धरा, संपते तिथली नको.

वाचणंही निरुपद्रवी नसतं. मेमरी शंभरदा वाचा, काही बिघडत नाही. पण सिरियल पोर्टच्या ३F८ हेक्सवरून अक्षर वाचलं की ते तिथून निघून जातं. डीबगरमधून ‘जरा बघू’ म्हणालात, तर प्रोग्रामचं अक्षर तुम्हीच पळवलंत. पॅरलल पोर्टच्या ३७९ वर आणखी एक गंमत: सातवा बिट उलटा येतो. पिन ११ वर व्होल्टेज असेल तर तिथे शून्य दिसतं.

सगळ्यात घातक गोष्ट मला वाटते ती आर्ग्युमेंटच्या क्रमाची. टर्बो सीच्या ‘आउटपोर्टबी’त आधी पोर्ट, मग मूल्य. लिनक्सच्या ‘आउटबी’त बरोबर उलट. जुना प्रोग्राम नुसतं नाव बदलून लिनक्सवर आणलात, तर ३७८ वर १ जायच्या ऐवजी पोर्ट १ वर ७८ हेक्स जातं, आणि पीसीच्या जुन्या रचनेत पोर्ट १ डीएमए नियंत्रकाचा आहे. म्हणून ‘आयओपीएल’ने सगळी दारं उघडू नका. रूट म्हणून ‘आयओपर्म’ वापरा आणि ३७८ पासूनचे फक्त तीन पोर्ट मागा. मग क्रम चुकला तर प्रोग्राम जागीच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरतो. मरू दे, डेटा आणि यंत्र तरी वाचतं.

नव्या संगणकात पोर्टच नसेल तर पीसीआय कार्ड घ्या, पण त्याचा पत्ता ३७८ नसतो. ‘प्रॉक’मधल्या ‘आयओपोर्ट्स’ फाइलमध्ये तो रूट म्हणून बघा. प्रिंटरसाठी मिळणारी यूएसबीची स्वस्त केबल मात्र घेऊ नका. तिच्यामागे असा पोर्ट पत्ता नसतोच, त्यामुळे ‘आउटबी’ तिच्यापर्यंत पोहोचत नाही.