पालीलाही मुडदूस होतो

आमच्या हाऊसमध्ये रविवारी घरी फोन करायची पाळी येते. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी माझी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, बुंदी हल्ली किडा समोर आला तरी झेप घेत नाही. नुसती बघत बसते." मी मोठ्या भावाच्या थाटात उत्तर दिले, "थंडी पडली आहे ना, आळसावली असेल." तेवढ्यात माझी वेळ संपली आणि विषयही संपला.

बुंदी म्हणजे तिची पाळीव पाल, लेपर्ड गेको. पिवळसर अंगावर काळे ठिपके, म्हणून बुंदी. बाबांची बदली लखनौ छावणीत झाल्यावर त्यांनी ती बहिणीला वाढदिवसाला आणून दिली होती. डिसेंबरमध्ये मी सुट्टीवर घरी गेलो आणि तिला तळहातावर घेतले, तेव्हा तिच्या पायांची बोटे थरथरत होती. पोट जमिनीवरून फरफटत होते. खालचा जबडा एका बाजूला झुकला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक्स-रे काढला. निरोगी हाड त्यात पांढरे, ठळक दिसते. बुंदीची हाडे भोवतीच्या मांसापासून जेमतेम वेगळी ओळखू येत होती. डॉक्टर म्हणाले, "बच्चों का सूखा रोग होता है न, वही समझ लीजिए।" आई म्हणाली, "म्हणजे आपला मुडदूस!"

ही पाल आहे तरी कोण?

एडवर्ड ब्लिथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते. त्यांनी १८५४ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. तो नमुना पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला होता. तिचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. एक जात महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये आढळते, तर दुसरीची नोंद २०१४ मध्ये सातपुड्यातून झाली. घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. हिच्या बोटांना चिकट गाद्या नसल्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. उत्तरेत अशा पालींना 'बिसखोपडा' म्हणून विषारी समजतात आणि मारतात. प्रत्यक्षात हिच्यात विष अजिबात नसते. मात्र रानातली पाल पकडून घरी आणू नये. तिची जागा रानातच.

हाडे का खचतात?

लखनौजवळ कुकरैलच्या जंगलात घडियालांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथे अंड्यांतून पिल्ले उबवून, वाढवून नद्यांत सोडतात. आम्ही ते पाहायला गेलो तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. घडियाल मासा अख्खा गिळतो. माशाबरोबर त्याचे काटेही पोटात जातात, म्हणजे कॅल्शियम आपोआप मिळते. गेको मात्र किडे खाते आणि किड्याला हाडच नसते. त्याचे कवच कायटिनचे असते, त्यात कॅल्शियम फारच कमी. उलट फॉस्फरस भरपूर. आहारात साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस असावा, पण रातकिडे आणि अळ्या यांत हे प्रमाण नेमके उलटे, आणि तेही कितीतरी पटींनी. रानात ही पाल नाना प्रकारचे किडे खाते. बुंदीला रोज एकाच प्रकारच्या अळ्या मिळत होत्या. दुकानदाराने सांगितले होते, "इसे और कुछ नहीं लगता।"

आता आतली गोष्ट. हाडे हे शरीराचे कॅल्शियमचे कोठार आहे आणि रक्त ही आघाडी. स्नायू आकसायला आणि हृदय चालायला रक्तात कॅल्शियम ठराविक प्रमाणात असावेच लागते. ते कमी पडले की मानेतल्या छोट्या ग्रंथी क्वार्टरमास्टरसारखा हुकूम सोडतात: कोठारातून काढा! आघाडी लढत राहते, पण कोठार रिकामे होते. म्हणून प्राणी बरेच दिवस वरून ठीक दिसतो. लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

नुसते कॅल्शियम देऊनही भागत नाही. ते आतड्यातून रक्तात जायला डी-३ जीवनसत्त्व लागते. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होते किंवा खाण्यातून द्यावे लागते. बहिणीने बुंदीची काचपेटी खिडकीशी ठेवली होती, ऊन मिळावे म्हणून. पण हे उपयोगी किरण काच अडवते. शिवाय उन्हात बंद काचपेटी भट्टीसारखी तापते, म्हणजे फायदा नाहीच, धोका मात्र आहे.

तिसरी गोष्ट ऊब. पालीचे शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. पोटाला ऊब नसेल तर अन्न पचत नाही आणि कॅल्शियमही अंगी लागत नाही. लखनौची थंडी आपल्याकडच्यासारखी नसते. जानेवारीत रात्रीचे तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरते आणि धुके दुपारपर्यंत हटत नाही. त्यात वीज गेली की पेटीतला हीटरही बंद. बुंदीच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एकत्र आली.

लक्षणे कशी ओळखावीत?

सुरुवातीला: शिकारीवर झेप न घेणे, भूक मंदावणे, चालताना पोट घासणे, बोटांना कंप सुटणे.

पुढे: पाय धनुष्यासारखे वाकणे, पाठीला किंवा शेपटीला बाक येणे, जबडा मऊ पडून वाकडा होणे, किडा धरता येतो पण चावता न येणे. या अवस्थेत साध्या पडण्यानेही हाड मोडते. मादीची अंडी पोटात अडकू शकतात.

जबडा मऊ आहे का हे बोटाने दाबून पाहू नये. कंप किंवा वाकडेपणा दिसला की वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

काय करावे?

१. किडे देण्यापूर्वी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावेत. किडे आणि चिमूटभर भुकटी पिशवीत घालून हलवायचे, आई बोंबील रव्यात घोळवते तसेच. भुकटीत फॉस्फरस नसावा. वाढत्या पिल्लाला जवळजवळ प्रत्येक खाण्यात, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा.

२. किड्यांना आदल्या दिवशी चांगले खाऊ घालावे. शेवग्याचा पाला उत्तम. पालक टाळावा, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

३. किडे आलटून पालटून द्यावेत.

४. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश उबदार आणि दुसरी थंड ठेवावी. हीटरला थर्मोस्टॅट लावावा. अंदाज करू नये, थर्मामीटर ठेवावा.

५. तळाला वाळू नको. कॅल्शियम कमी पडलेली पाल वाळू चाटते आणि ती आतड्यात अडकते. साधा कागद चालतो.

६. डी-३ जास्त झाले तर मूत्रपिंडात आणि इतर अवयवांत कॅल्शियम साचते. म्हणून माणसांच्या गोळ्या फोडून देऊ नयेत. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

बुंदीला डॉक्टरांनी कॅल्शियमचे औषध थेंबांनी दिले. पेटी बुटकी केली, चढायचे दगड काढले. माझी सुट्टी संपेपर्यंत बोटांचा कंप थांबला होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बहीण फोनवर ओरडलीच, "दादा, तिने झेप घेतली!" जबडा मात्र वाकडाच राहिला. एकदा वाकलेले हाड औषधाने घट्ट होते, सरळ होत नाही.

सकाळी पीटीला उन्हात पळताना आणि मेसमध्ये दुधाचा ग्लास संपवताना आपण कुरकुर करतो. बुंदीला जे मिळाले नाही ते आपल्याला रोज मिळते. पण मला जास्त आठवतो तो नोव्हेंबरमधला फोन. पहाऱ्यावर माझी बहीण होती. तिने पाहिले ते बरोबर पाहिले आणि वेळेवर सांगितले. ऐकणाऱ्याने ऐकले नाही. तेव्हा तुमच्या घरी कोणी लहान म्हणाले, "आपला प्राणी वेगळा वागतोय," तर त्याला काय दिसले ते आधी नीट विचारा.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी