लग्नासाठी टक्सिडो घेताना

गेल्या महिन्यात वसईच्या एका मित्राचा मुलगा घरी आला होता. जानेवारीत त्याचं लग्न आहे. दुपारी चारला चर्चमध्ये विधी आणि संध्याकाळी साडेसातला मैदानात मंडप घालून रिसेप्शन. वसईत काय किंवा गोव्यात काय, ख्रिस्ती कुटुंबांत नवरदेवानं सूट घालणं ही नवलाची गोष्ट नाही. पण याला नुसता सूट नको होता, टक्सिडो हवा होता. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. चकचकीत निळा कोट, त्यावर वेलबुट्टी, खिशाला सोनेरी साखळी. ‘‘काका, कसा वाटतो?’’ मी म्हटलं, ‘‘छान आहे, पण हा बँडमास्तरला जास्त शोभेल.’’ बिचारा ओशाळला. मग आम्ही तासभर बसलो. माझी हयात कापडाच्या दुकानात गेली, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतातच. त्या तासाभरात जे बोललो, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी टक्सिडो म्हणजे काय ते पाहू. हा मुळात रात्रीच्या जेवणाचा पोशाख. पूर्वी इंग्लंडात त्यासाठी मागे लांब शेपट्या असलेला कोट घालत. १८६५ साली लंडनच्या सॅव्हिल रो भागातल्या हेन्री पूल यांनी प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्रासाठी, घरगुती जेवणाला घालायला बिनशेपटीचा आखूड कोट शिवला, असं ते दुकान सांगतं. न्यू यॉर्कजवळ टक्सिडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत आहे. तिथला क्लब १८८६ सालचा. तिथे हा कोट रुळला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. इंग्लंडात मात्र आजही त्याला डिनर जॅकेटच म्हणतात.

साध्या काळ्या सुटात आणि यात फरक काय? कॉलरच्या खाली उलटलेली जी पट्टी असते, लॅपेल म्हणतात ती, टक्सिडोला रेशमी कापडाची असते. बटणंही त्याच कापडानं मढवलेली. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर तशीच एक रेशमी पट्टी कमरेपासून खाली जाते. पँटला खाली दुमड नसते आणि पट्ट्याच्या लुप्याही नसतात, कारण टक्सिडोवर चामड्याचा पट्टा घालतच नाहीत.

कमरेला असतो तो चुण्यांचा रेशमी पट्टा, कमरबंद. इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडूनच नेला. हिंदुस्थानातल्या उकाड्यात जेवणाच्या वेळी वेस्टकोट घालणं गोऱ्या अधिकाऱ्यांना जड जाई, म्हणून त्यांनी इथला कमरबंद उचलला आणि तो पुढे जगभर गेला. तेव्हा परका पोशाख म्हणून नाक मुरडणाऱ्या आजोबांना ही गोष्ट जरूर सांगावी. कमरबंदाच्या चुण्या वरच्या बाजूला उघडतील असाच तो बांधायचा. वेस्टकोट घातला तर कमरबंद नको. दोन्ही एकत्र कधीच नाही.

रंग काळा, नाहीतर मध्यरात्रीच्या आभाळासारखा गडद निळा. दिव्यांच्या उजेडात काळं कापड कधीकधी हिरवट, विटकं दिसतं. हा निळा मात्र काळ्याहून काळा दिसतो. मंडपातल्या दिव्यांत आणि फोटोत हा फरक कळतो. म्हणून कापड निवडताना ते दुकानाबाहेर उन्हातही पाहा आणि पिवळ्या दिव्याखालीही पाहा. लॅपेल दोनच प्रकारची घ्यावी: टोकं खांद्याकडे वर गेलेली, किंवा शालीसारखी सलग गोल. मध्ये खाच असलेली लॅपेल आपल्या ऑफिसच्या सुटाची. ती टक्सिडोला लावून सर्रास विकतात, पण माझं मत विचाराल तर घेऊ नये. पुढे एकच बटण पुरे.

आता पैशाचं बोलू. साखळी आणि चमक यांवर पैसा घालू नका. तो कापडावर आणि खांद्यावर घाला. स्वस्त कोट पॉलिएस्टरचा असतो. मंडपातल्या गर्दीत, दिव्यांच्या झोतात तीन तास उभं राहिल्यावर त्यात माणूस उकडून निघतो. पातळ शुद्ध लोकरीचं कापड त्याहून सुसह्य होतं. लोकर म्हटल्यावर आपल्याला स्वेटर आठवतो, पण हे कापड हवा खेळू देतं आणि घडी पडली तरी टांगून ठेवल्यावर बरीचशी आपोआप सुटते. आतलं अस्तरही विचारा. छातीच्या आत कॅनव्हास शिवलेला असेल तर कोट हळूहळू अंगाचा आकार घेतो. नुसतं डिंकानं चिकटवलेलं असेल, तर काही धुलायांनंतर छातीवर फुगे येऊ शकतात.

खांद्याचं का म्हणतो? बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा चुकला तर तो दुरुस्त करणं म्हणजे कोट जवळजवळ नव्यानं शिवणं. खांद्याची शिवण तुमच्या हाडाच्या टोकावरच संपली पाहिजे. हात खाली सोडल्यावर बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. बटण लावून आरशात पाहा: बटणाच्या खाली पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण दिसत असेल, तर पँट फार खाली आहे किंवा कोट फार आखूड. अंगाला घट्ट आणि आखूड कोटांची फॅशन मध्यंतरी फार बोकाळली होती. त्या काळातले लग्नाचे फोटो आजच जुने वाटायला लागलेत.

विकत घ्यावा की भाड्यानं? एकदाच घालायचा असेल आणि नंतर कपाटात लोंबणार असेल, तर सरळ भाड्यानं घ्या. त्यात कमीपणा काही नाही. विकत घेणार असाल तर तो पंचविसाव्या वाढदिवसालाही घालता येईल असा घ्या. त्यासाठी शिंप्याला एकच गोष्ट सांगायची: पाठीच्या शिवणीत आणि पँटच्या कमरेत चांगला दाब सोड. लग्नानंतर आपली कंबर काय करते हे मी नव्यानं सांगायला नको. तयार कपड्यात हा दाब बहुधा नसतो, म्हणून मी शिवून घ्या म्हणतो. मात्र तीन महिने हाताशी ठेवा आणि कच्च्या शिलाईवर निदान एक ट्रायल द्या. ट्रायलला लग्नातलेच बूट आणि तोच शर्ट घालून जा.

राहिला वेळेचा प्रश्न. जुन्या नियमाप्रमाणे हा पोशाख संध्याकाळी सहानंतरचा. मग चारच्या चर्चला काय? काटेकोर माणूस तिथे साधा गडद सूट घालेल आणि रिसेप्शनला बदलेल. पण दोन सूट शिवायला पैसा लागतो, आणि नवरदेवानं चारपासून टक्सिडो घातला म्हणून कोणी त्याला बाहेर काढत नाही. मी त्या मुलाला म्हटलं, एकच शीव, पण चांगला शीव.

नंतर सांभाळायचं कसं? रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते. दर वेळी ड्रायक्लीनला टाकू नका, ब्रश फिरवून सावलीत टांगा. डांबरगोळ्या रेशमी लॅपेलला चिकटणार नाहीत अशा ठेवा.

मुलानं गडद निळं कापड घेतलंय. पहिली ट्रायल झाली, डावा खांदा जरासा उतरता निघाला, तो शिंप्यानं आत पातळ भर घालून सावरला. बो हातानं बांधायलाही तो शिकतोय. बूट मात्र अजून तेच पांढरे, टोकदार घेणार म्हणतो. काळे, साधे, चकाकते घे म्हणून मी दोनदा सांगितलं. आता त्याच्या आईकडे निरोप पाठवलाय.