बॅरी बाँड्सला संघात घ्यायला हवं होतं का?

२००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा होम रन फलंदाज घरी बसून होता. बॅरी बाँड्सच्या नावावर ७६२ होम रन होते, त्याच्या पुढे कुणीच नव्हतं आणि हातात एकही करार नव्हता. त्याचा एजंट जेफ बॉरिसने अखेर जाहीर केलं, की मेजर लीगचा किमान पगार मिळाला तरी बाँड्स खेळेल. हा किमान पगार होता वर्षाला ३ लाख ९० हजार डॉलर. आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून बाँड्सने १ कोटी ५८ लाख डॉलर घेतले होते. तरीही मेजर लीगच्या तीस संघांपैकी एकानेही त्याला बोलावलं नाही.

त्या जुलैमध्ये तो ४४ वर्षांचा झाला. या वयात खेळाडूची सद्दी संपलेली असते, हा सर्वसाधारण अनुभव. बाँड्सची संपली होती का, हे २००७ च्या आकड्यांवरूनच तपासायला हवं. त्या मोसमात १२६ सामन्यांत त्याने २८ होम रन मारले. त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर टाकले, की फलंदाजाला न मारताच पहिला बेस मिळतो. बाँड्सला असे १३२ बेस मिळाले, कारण पिचर त्याच्या बॅटच्या टप्प्यात चेंडू टाकायलाच धजत नव्हते. शंभर वेळा फलंदाजीला आला तर ४८ वेळा तो बेसवर पोहोचत होता. सामान्य फलंदाज ३३-३४ वेळा पोहोचतो. मेजर लीगच्या दोन भागांपैकी जायंट्स ज्यात खेळत, त्या अख्ख्या नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी या बाबतीत तो पहिला होता.

मग अडलं कुठे?

उत्तेजकांचा वाद जुना होता. कॅलिफोर्नियातल्या बाल्को नावाच्या प्रयोगशाळेतून खेळाडूंना उत्तेजकं पुरवली जात असल्याचं २००३ मध्ये उघड झालं. याच प्रकरणात त्या वर्षाच्या अखेरीस ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देताना, आपण जाणूनबुजून स्टेरॉइड घेतलं नाही, असं बाँड्सने सांगितलं. पुढे ७ ऑगस्ट २००७ ला त्याने ७५६ वा होम रन मारून हँक ॲरनचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडला. वर्णद्वेषी धमक्यांची पत्रं झेलत बेब रूथच्या पुढे गेलेला ॲरन अमेरिकेत आदराचं स्थान होता, आणि त्याचा विक्रम असा मोडावा याचं अनेकांना मनापासून दुःख झालं. सप्टेंबरमध्ये जायंट्सने पुढच्या वर्षासाठी बाँड्स नको असल्याचं सांगितलं. १५ नोव्हेंबरला खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा आणल्याचे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. डिसेंबरात बेसबॉलमधल्या उत्तेजकांबद्दलचा मिशेल अहवाल आला, त्यात त्याच्यासह ८९ खेळाडूंची नावं होती.

जायंट्सचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. बाँड्स असूनही २००७ मध्ये ते आपल्या गटात तळाला होते. त्यांना तरुण संघ बांधायचा होता आणि तो त्यांनी बांधला. २०१० मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. नॅशनल लीगची एक अडचणही होती. तिथे प्रत्येक फलंदाजाला क्षेत्ररक्षण करावंच लागे, आणि बाँड्सचे गुडघे आता मैदानात धावण्याच्या लायकीचे उरले नव्हते. अमेरिकन लीगमध्ये मात्र १९७३ पासून ‘डेझिग्नेटेड हिटर’ची सोय होती. हा खेळाडू पिचरच्या ऐवजी फक्त बॅटिंग करतो, मैदानात उतरत नाही. आयपीएलचा ‘इम्पॅक्ट प्लेअर’ पाहिलेल्यांना ही कल्पना चटकन कळेल. म्हणजे खरा प्रश्न अमेरिकन लीगच्या तेव्हाच्या चौदा संघांपुढे होता.

आदल्याच वर्षी त्यांतल्या एका संघाने वादात सापडलेल्या ज्येष्ठ फलंदाजाला घेण्याचा प्रयोग करून दाखवला होता. सॅमी सोसा २००५ मध्ये बाल्टिमोरकडून अगदी सुमार खेळला. उत्तेजकांच्या चर्चेत त्याचं नाव होतं, त्याआधी २००३ मध्ये बॅटमध्ये बुचाचं लाकूड भरल्याबद्दल तो पकडला गेला होता. २००६ मध्ये तो खेळलाच नाही. टेक्सास रेंजर्सने २००७ साठी त्याला मायनर लीगचा करार दिला. मायनर लीग म्हणजे मुख्य संघाखालच्या तयारीच्या स्पर्धा. अशा करारात मुख्य संघातली जागा पक्की नसते. सराव शिबिरात चमक दाखव, तर वर घेऊ. नाही तर राम राम. ३८ वर्षांच्या सोसाने जागा मिळवली, २१ होम रन मारले आणि ९२ धावा संघाच्या खात्यात जमा केल्या. त्याचा सहाशेवा होम रन तर ज्या शिकागो कब्जकडून तो वर्षानुवर्षं खेळला, त्यांच्याच विरुद्ध आला. टेक्सास गटात शेवटचंच राहिलं, पण पाच लाख डॉलरच्या मूळ पगारात एवढं देणारा फलंदाज बाजारात मिळत नाही.

अशा व्यवहारात पैसा ही सर्वांत छोटी गोष्ट असते. महाग असते ती जागा. मुख्य संघात तेव्हा २५ जण असत. त्यात न धावणारा, क्षेत्ररक्षण न करणारा एक ज्येष्ठ बसवला, की एका तरुणाला खाली थांबावं लागतं. याचं बोलकं उदाहरण २०१२ मध्ये ऑकलंडला घडलं. ‘मनीबॉल’ चित्रपटामुळे जगभर माहीत झालेला बिली बीन तेव्हा तिथला संघचालक होता. त्याने मॅनी रामिरेझला मायनर लीगचा करार दिला. ५५५ होम रन, २००४ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू, आणि दोनदा उत्तेजकांच्या नियमात सापडलेला. पहिल्यांदा २००९ मध्ये ५० सामन्यांची बंदी. दुसऱ्यांदा २०११ मध्ये टँपा बेकडून अवघे पाच सामने खेळून, १०० सामन्यांची बंदी टाळण्यासाठी त्याने निवृत्तीच घेतली. परतताना ती शिक्षा ५० सामन्यांवर आली आणि संपली त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी, ३० मे २०१२ ला.

ऑकलंडने त्याला सॅक्रामेंटोच्या मायनर लीग संघात खेळवून पाहिलं. १७ सामन्यांत त्याची सरासरी .३०२ होती, म्हणजे उत्तम. होम रन मात्र शून्य. घणाघाती फलंदाजाचं वय कळतं ते इथेच. ताशी ९५ मैलांनी टाकलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. निर्णय आणि फटका दोन्ही त्यातच उरकायचे असतात. दंडातली ताकद बराच काळ टिकते, बॅटचा वेग आधी उतरतो. मग चेंडू लागतो, पण कुंपणापार जात नाही. जूनमध्ये रामिरेझने स्वतःच सुटका मागितली. त्याच महिन्यात त्याच सॅक्रामेंटो संघातून ब्रँडन मॉस नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला फलंदाज वर बोलावला गेला. ८४ सामन्यांत त्याने २१ होम रन ठोकले आणि ऑकलंडने गटाचं विजेतेपद मिळवलं. रामिरेझच्या नावाच्या मोहात बीन पडला असता, तर मॉसला ती संधी मिळाली असती का, हा विचार प्रत्येक संघचालकाने करावा असा आहे.

याच्या उलट उदाहरण ॲलेक्स रॉड्रिग्जचं. उत्तेजकांपायी २०१४ चा पूर्ण मोसम तो बंदीत होता. न्यूयॉर्क यांकीजवर त्याच्या जुन्या कराराचं ओझं होतं, त्यामुळे त्यांना निवड नव्हती. परतण्याआधी त्याने चाहत्यांना स्वतःच्या हाताने माफीचं पत्र लिहिलं. २०१५ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडताना, त्याने ३३ होम रन मारले. पुढच्या वर्षी सरासरी .२०० वर घसरली आणि ऑगस्टमध्ये तो थांबला. इतक्या वयात एक चांगलं वर्ष मिळू शकतं, दुसऱ्याची आशा धरू नये.

बाँड्सच्या बाबतीत दोन आक्षेप घेतले जात. खटला भर मोसमात उभा राहील आणि संघाचं लक्ष विचलित होईल, हा एक. प्रत्यक्षात खटला सुरू व्हायला मार्च २०११ उजाडला, मधले तीन मोसम वाया गेले. न्यायात अडथळा आणल्याच्या एका आरोपावर तो दोषी ठरला, आणि २०१५ मध्ये अपिलात तेही रद्द झालं. दुसरा आक्षेप नैतिकतेचा आहे आणि तो हलका नाही. फसवून मिळवलेल्या विक्रमाला संघाने मान का द्यावा? पण शिक्षा नियमाने व्हावी, सगळ्यांनी मौन धरून नव्हे. बेसबॉलने उत्तेजकांबद्दल बाँड्सला एकदाही निलंबित केलं नव्हतं. ज्या वर्षांत त्याचे होम रन पाहायला स्टेडियम भरत होते, त्या वर्षांत लीगने आणि मालकांनी तिकिटांचे पैसे घेतले. त्याचं वय झाल्यावर मात्र सर्वांना एकाच वेळी तत्त्व आठवलं. रामिरेझला दोन गुन्ह्यांनंतर आणि रॉड्रिग्जला वर्षभराच्या बंदीनंतर परतीची वाट मिळते, आणि कुठलीच बंदी नसलेल्याला नाही, हा न्याय पटणारा नाही. सगळ्या संघांनी संगनमत केल्याची तक्रार बाँड्सने केली होती. २०१५ मध्ये लवादाने ती पुराव्याअभावी फेटाळली. संगनमत सिद्ध झालं नाही, पण तीस वेगवेगळ्या संघांनी एकसारखं भ्यावं, हेही खेळाला शोभणारं नव्हतं.

टँपा बेचंच पाहा. २००७ मध्ये ९६ सामने हरलेला हा गरीब संघ २००८ मध्ये थेट वर्ल्ड सिरीजमध्ये गेला आणि फिलाडेल्फियाकडून १-४ ने हरला. मोसमापूर्वी बाँड्सच्या नावाची तिथे चर्चा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, पण पाऊल पुढे पडलं नाही. बाँड्स असता तर ते जिंकलेच असते, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण सोसाला टेक्सासने दिला तसा करार, सराव शिबिरातली कसोटी, जागेची हमी नाही, एकाच वर्षाची मुदत आणि पत्रकारांपुढे पहिल्याच दिवशी उघड उत्तरं, एवढ्यावर त्याला बोलवायला हरकत नव्हती. बॅट थकलेली दिसली असती, तर रामिरेझप्रमाणे त्यालाही मुख्य संघाबाहेरूनच निरोप देता आला असता. या अटींवर २००८ मध्ये अमेरिकन लीगच्या एखाद्या संघाने बाँड्सला करारबद्ध करायलाच हवं होतं.