पदर सावरणारे पुरुष

कार्तिक लागला की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळाच्या आवारात दशावतार उभा राहतो. एका जत्रेत मी नाटकाआधी मागच्या बाजूला जाऊन बसलो होतो. पस्तिशीतला एक माणूस, दिवसा भातशेती करणारा, भिंतीला टेकवलेल्या वीतभर आरशासमोर मांडी घालून बसला. दाढी गुळगुळीत केलेली. आधी सफेदा, मग गालांवर गुलाबी, मग भुवया. दशावतारात ज्याचं तोंड त्यानेच रंगवायचं. गंगावन लावून अंबाडा घातला, निऱ्या चिमटीत मोजून खोचल्या. तोवर तो मालवणीत मोठमोठ्याने गप्पा मारत होता. पदर खांद्यावर आला आणि त्याचं बसणंच बदललं. मांडी मोडली, गुडघे जवळ आले. कोणीतरी विडी पुढे केली, तर मानेनेच नको म्हणाला.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. ही राणी रात्रभर जे बोलणार होती, ते तिला उभ्या उभ्या सुचायचं होतं. मध्यरात्र उलटल्यावर तिने वनवासात टाकलेल्या बाईचं दुःख असं काही मांडलं की पुढ्यात घोंगडी अंथरून बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. लुगड्याच्या आत पुरुष आहे हे त्यांना ठाऊक होतं. कित्येकींनी सकाळी त्याला बाजारात पाहिलं होतं.

पुरुषाने कधीमधी बाईचा वेश करावा का, आणि समाजाने त्याला उत्तेजन द्यावं का, असं कोणी विचारलं की मला ती राणी आठवते. माझं उत्तर ‘द्यावं’ असंच आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती कळण्यासाठी आपल्याच घरातला इतिहास नीट पाहायला हवा.

मुळात ही गोष्ट आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, त्या नेवाशाचं ग्रामदैवत मोहिनीराज, म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा हीही मोहिनीच; तिच्या अंगावर शालू आणि जानवं दोन्ही असतात. आमच्या संतांनी विराण्या आणि गवळणी लिहिल्या त्या बाईच्या तोंडून. नमनात आणि तमाशात गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघणारी मावशी पुरुषच असायची. नऊवारी नेसलेला पुरुष मराठी माणसाने पिढ्यानपिढ्या पाहिला आहे.

मग नाटक आलं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून पुढची जवळजवळ नव्वद वर्षं मराठी रंगभूमीवरच्या बहुतेक नायिका पुरुषच होते. 1882 च्या ‘सौभद्र’मध्ये भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा लोकांनी डोक्यावर घेतली. पुढे नारायण श्रीपाद राजहंस आले, म्हणजे टिळकांनी ज्यांना बालगंधर्व म्हटलं ते. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. घरी मुलगी गेलेला बाप त्या रात्री भामिनी होऊन हसत, लाजत गात राहिला. नटाची निष्ठा म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात. मला मात्र दुसरंच जाणवतं. दुःख गिळून चेहरा हसरा ठेवायचा, घरी आल्यागेल्याचं करायचं, हे या देशातल्या बायका रोज करत होत्या. नारायणरावांना त्या रात्री ते स्वतःच्या अंगावर घ्यावं लागलं.

‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू. या भूमिकांत बालगंधर्वांनी पदर कसा घेतला, अंबाड्यावर गजरा कसा माळला, हे पाहून घरंदाज बायका तसं करू लागल्या. पुरुषाने बाईचं रूप धरावं आणि बायकांनी त्याचा कित्ता गिरवावा, असं क्वचितच कुठे घडलं असेल. पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. दोन्ही सारख्याच मानाने लावलेली.

विष्णुपंत पागनीसांची गोष्ट मला याहूनही बोलकी वाटते. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मधले हे तुकाराम. कित्येक घरांत तुकोबा म्हणून ज्या चेहऱ्याला हार घातला गेला तो चेहरा यांचा. आणि हे पागनीस उमेदीच्या काळात नाटकातले स्त्रीपार्टी नट होते. त्यांच्या तुकारामाचं ते हळवं बोलणं, हातांची ती मऊ हालचाल, रागावलेल्या आवलीपुढे न उखडता उभं राहणं, हे कुठून आलं असेल? पुरुषाला एरवी शिकवलं जात नाही असं काहीतरी लुगड्याने त्यांना शिकवलं होतं, असं मी मानतो.

इथे दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ज्या काळात पुरुष नायिका होत होते, त्याच काळात ‘चांगल्या घरच्या’ बाईला रंगमंचाचं दार बंद होतं. दादासाहेब फाळक्यांना 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या बायकांच्या कंपन्याही होत्या; त्यांत पुरुषांच्या भूमिका बायका करत. पण त्यांच्याकडे समाजाने आदराने पाहिलं नाही. आणि पुरुषाने उभी केलेली बाई ही बऱ्याचदा पुरुषाला हवी तशी बाई होती. सोसणारी सिंधू लिहिली पुरुषाने, रंगवली पुरुषाने. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा बाईचं बोलणं बाईच्या तोंडी येण्याचा रस्ता रुंद झाला. बाईची जागा अडवून कोणी तिचा वेश घालत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही.

आज ती अडवणूक उरलेली नाही. मग हा वेश कशासाठी?

केरळात कोल्लम जिल्ह्यात चवरा नावाचं गाव आहे. तिथल्या कोट्टनकुलंगरा देवीच्या देवळात मार्चच्या अखेरीस दोन रात्री चमयविळक्कू हा उत्सव होतो. हजारो पुरुष साड्या नेसून, दागिने घालून, केसांत फुलं माळून हातात दिवा घेऊन उभे राहतात. गुराखी पोरांनी मुलींचा वेश करून एका दगडाची पूजा केली, तीच ही देवी, अशी तिथली कथा. कोणी नोकरीसाठी नवस केलेला असतो, कोणी मुलाच्या आजारपणात. नेसवायला बायका, बहिणी, आया बरोबर आलेल्या असतात. बायको नवऱ्याच्या निऱ्या सारख्या करते आहे आणि तो अवघडून, हात वर धरून उभा आहे, हे तिथे उघड्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत घडतं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस दुकानात बसतो, रिक्षा चालवतो. त्याच्या पुरुषपणाला काही झालेलं नसतं. मला हवं असलेलं उत्तेजन ते हेच: टाळ्या नकोत, भाषणं नकोत, शेजारी उभं राहून निऱ्या सारख्या करणारं कोणीतरी हवं.

याच देशात याच्या उलटही घडलं आहे. इंग्रज सरकारच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग तृतीयपंथीयांसाठी होता. नोंदणी झालेली व्यक्ती बाईच्या वेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे रंगमंचावर सुभद्रेला ‘वन्स मोअर’ आणि रस्त्यावर बेडी. आपला वेश हा आपल्या अभिव्यक्तीचा भाग आहे आणि घटनेच्या एकोणिसाव्या कलमाचं त्याला संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला 15 एप्रिल 2014 उजाडावं लागलं. तृतीयपंथीयांसाठी साडी हा एका रात्रीचा वेश नसतो, ते त्यांचं जगणं असतं. एका रात्रीसाठी लुगडं नेसणाऱ्याने हे विसरू नये. त्याला सकाळी ते उतरवून ठेवता येतं. त्यांना त्याच पदराने दिवसभराच्या नजरा झेलायच्या असतात.

आणि नजर फार लवकर फिरते. गणपत पाटलांनी तमाशापटांतला नाच्या इतका हुबेहूब रंगवला की लोकांनी भूमिकेवरून माणूस ठरवून टाकला. संसारी, मुलाबाळांच्या या कलावंताला आणि त्यांच्या घराला त्याची झळ आयुष्यभर लागली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा हेच भोगतो. बाईचं सोंग आम्हाला चालतं. बायकीपणा चालत नाही. ‘बायकी’ ही शिवी आहे तोवर बाईचा मान आम्ही कितपत ठेवतो, हे वेगळं सांगायला नको. मुलीने शर्ट-पँट घातली तर ‘आमची पोरगी मुलासारखी’ असं बाप कौतुकाने सांगतो. मुलगा मुलीसारखा आहे, असं कौतुकाने सांगणारा बाप मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून माझी अट. हल्ली विनोदी कार्यक्रमांत पुरुषाला साडी नेसवली की प्रेक्षक आधीच हसू लागतात. खोटी छाती, जाडा आवाज, मुरडत चालणं. त्या पाच मिनिटांत बाईकडे कोणी पाहिलेलंच नसतं. दशावतारातला तो शेतकरी बायकांकडे पाहत आला होता: विहिरीवर, शेतात, मयताच्या घरी. वेश करायचा तर आधी असं पाहायला हवं. त्याशिवाय केलेल्या वेशाला माझा पाठिंबा नाही.

आठवीत असताना स्नेहसंमेलनाच्या एका प्रवेशात मी आई झालो होतो. आईचंच पाचवारी पातळ नेसलो. दोन गोष्टी अजून अंगात आहेत. जिना चढताना एक हात निऱ्यांत अडकतो, दुसऱ्यात काही धरलेलं असलं तर कठड्याला हात लावता येत नाही. आणि खिसा नसतो. मिळालेली पाच रुपयांची नोट कुठे ठेवावी ते मला कळेना. आईने माझ्या पदराच्या टोकाला तिची गाठ मारली आणि म्हणाली, “आता सारखं लक्ष तिकडेच राहील बघ.” तसंच झालं. संपूर्ण प्रवेशभर माझी बोटं त्या गाठीवर होती. प्रवेशानंतर एका शिक्षकांनी सगळ्यांसमोर मला एका मुलीच्या नावाने हाक मारली आणि वर्ग वर्षभर तेच नाव चालवत राहिला. पुढच्या वर्षी मी भूमिका घेतली नाही.

संमेलनाचे दिवस येतील. तुमच्या शाळेत एखादा मुलगा आईची किंवा आजीची भूमिका मागेल. त्याला ती द्या. घरचं जुनं पातळ द्या, पण नेसवून देऊ नका. निऱ्या त्याच्या त्यालाच घालू द्या, चार वेळा सुटल्या तरी. आणि प्रवेश संपल्यावर त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा.